फलाट आणि गाडी यांच्यामधले अंतर : सार्वजनिक प्रवासातील सुरक्षिततेची चर्चा

सार्वजनिक प्रवासाच्या सुरक्षिततेविषयीची चर्चा महाराष्ट्रात सहसा एखाद्या भीषण गुन्ह्यानंतर सुरू होते, काही आठवडे वर्तमानपत्रांचे रकाने आणि विधिमंडळाचे तास व्यापते, आणि आरोपी गजाआड झाला की ओसरते. त्यामुळे गुन्हेगाराच्या शोधाची कथा समाजाच्या स्मरणात राहते, परंतु ज्या व्यवस्थेच्या फटीतून तो गुन्हा घडू शकला तिची चिकित्सा अर्धवट राहते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही अर्धवट राहिलेली चिकित्सा हा आहे. वणीसारख्या गावात तो मांडण्याचे औचित्य वेगळे सांगण्याची फारशी गरज नाही, कारण दिंडोरी, कळवण आणि सुरगाणा या तालुक्यांतील माणसांचे शिक्षण, बाजार, दवाखाना आणि देवदर्शन आजही मोठ्या प्रमाणात राज्य परिवहन महामंडळाच्या, म्हणजे एसटीच्या, वेळापत्रकावर अवलंबून आहे, आणि ज्याला पर्यायी वाहन नाही त्याच्या दृष्टीने स्थानकाची सुरक्षितता हा चैनीचा प्रश्न उरत नाही.

चर्चेचा आधार म्हणून स्वारगेटची घटना घ्यावी लागते. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी, मंगळवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास, पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर गाडीची वाट पाहत असलेल्या एका तरुण प्रवासी महिलेला एका इसमाने ‘ताई’ अशी हाक मारून विश्वासात घेतले, तिची गाडी नेहमीच्या फलाटावर न लागता दुसरीकडे उभी असल्याचे सांगितले, आवारात उभ्या असलेल्या शिवशाही गाडीकडे तिला नेले आणि ती आत चढल्यावर मागोमाग चढून तिच्यावर बलात्कार केला, अशी फिर्याद आहे. रस्त्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, पोलीस ठाणे होते. आरोपीवर यापूर्वीही चोरी आणि लूटमारीचे गुन्हे नोंदलेले असल्याचे समोर आले. त्याच्या शोधासाठी तेरा पथके नेमली गेली, एक लाख रुपयांचे इनाम जाहीर झाले, श्वानपथके आणि ड्रोन वापरले गेले, आणि २७-२८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर शिरूर तालुक्यातील एका शिवारातून त्याला अटक झाली. खटल्याच्या गुणावगुणांचा निवाडा न्यायालयाचा आहे आणि तो येथे करावयाचा नाही. येथे पाहावयाचे आहे ते त्या चार-पाच दिवसांत महाराष्ट्र कशाविषयी बोलत होता, आणि कशाविषयी बोलला नाही.

प्रथम संताप व्यक्त झाला. एका राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्यांनी स्थानकातील सुरक्षारक्षकांची खोली फोडली. आवारात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या निकामी गाड्यांच्या आत काय काय सापडले याची छायाचित्रे घरोघर पोहोचली. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी तेथील सुरक्षारक्षक बदलण्याचे, राज्यभरातील स्थानकांचे सुरक्षा लेखापरीक्षण करण्याचे, निकामी गाड्या आवारांतून हलविण्याचे आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची संख्या वाढविण्याचे आदेश दिले. सुरक्षा लेखापरीक्षण याचा अर्थ एखाद्या जागेची प्रकाशव्यवस्था, आडोसे, प्रवेशद्वारे, मनुष्यबळ आणि मदत मिळण्यास लागणारा वेळ यांची जागेवर जाऊन केलेली पद्धतशीर पाहणी. हे आदेश चुकीचे नव्हते. मात्र स्वारगेटच्या आवाराविषयी असा विचार होण्याची ती पहिली वेळ नव्हती, कारण २५ जानेवारी २०१२ रोजी याच आगारातून एका चालकाने एसटीची गाडी बेकायदा बाहेर काढून पुण्याच्या रस्त्यांवर नऊ जणांचा बळी घेतला होता, आणि आगारात उभ्या असलेल्या गाडीपर्यंत कोण, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने पोहोचू शकतो हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. तेरा वर्षांनी तोच प्रश्न त्याच आवारात पुन्हा उभा राहिला, ही गोष्ट कोणत्याही एका अधिकाऱ्याच्या निलंबनापेक्षा अधिक बोलकी आहे.

संतापाच्या पाठोपाठ पीडितेच्या वर्तनाची चिकित्सा आली. गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी, घटनास्थळी झटापट वा आरडाओरडा न झाल्याने आजूबाजूच्या लोकांना काही कळले नाही, अशा आशयाचे विधान केले; त्यावर टीका झाल्यानंतर आपण पोलिसांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे बोललो, असे त्यांनी स्पष्ट केले. हेतू काहीही असो, या विधानाला महाराष्ट्रात एक जुनी आणि क्लेशदायक पार्श्वभूमी आहे आणि ती विसरून पुढे जाता येणार नाही. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष सोडले. त्या निकालात मुलीच्या अंगावर जखमा नसणे आणि तिने आरडाओरडा न करणे या गोष्टींना मोठे वजन दिले गेले. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि दबून जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा भेद ठळकपणे मांडला. त्या पत्रातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला आणि पोलीस कोठडीसारख्या ताब्यातील बलात्काराच्या खटल्यांत, संमती नव्हती असे पीडितेने सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. २०१३ च्या दुरुस्तीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणाने स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही, हे सर्वच प्रकरणांसाठी स्पष्टपणे लिहिले गेले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ते कायम आहे.

म्हणजे जे वाक्य कायद्याने चाळीस वर्षांच्या झगड्यानंतर न्यायालयाबाहेर काढले, ते सार्वजनिक चर्चेत दुसऱ्याच दिवशी परतते. ती ओरडली का नाही, एकटी का निघाली, अनोळखी माणसाबरोबर गेलीच कशी, हे प्रश्न विचारणाऱ्यांत दुष्ट हेतूचे लोक थोडे आणि धास्तावलेले आईबाप अधिक असतात. तरीही परिणाम एकच होतो. गाडी कोठे लागली आहे हे प्रवाशाने एखाद्या अनोळखी माणसाला का विचारू नये, या प्रश्नाआधी, ते सांगणारा अधिकृत माणूस त्या वेळी फलाटावर होता का, हा प्रश्न येतो. स्थानकावर गाड्यांची ये-जा नोंदविणारा, फलाट ठरविणारा आणि ध्वनिक्षेपकावरून उद्घोषणा करणारा जो कर्मचारी असतो त्याला वाहतूक नियंत्रक म्हणतात. गाडी अमुक फलाटावर लागेल, अशी त्याची उद्घोषणा नियमित आणि विश्वासार्ह असेल तर ‘ताई, तुमची गाडी तिकडे लागली आहे’ हे वाक्य निष्प्रभ ठरते. स्वारगेटच्या प्रकरणात वापरले गेलेले हत्यार माहिती हे होते, खोटी माहिती. आणि खोटी माहिती तेथेच चालते जेथे खरी माहिती मिळत नाही. या साध्या मुद्द्यावर त्या आठवड्यात जेवढे बोलले जायला हवे होते त्याच्या शतांशही बोलले गेले नाही.

तिसरा टप्पा उपकरणांचा असतो. १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत धावत्या बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने अवघ्या महिनाभरात, २३ जानेवारी २०१३ रोजी, अहवाल सादर केला. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक हजार कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला. आणि पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५ एच हा नियम घालून सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र आणि आपत्कालीन कळ बसविणे बंधनकारक करण्यात आले. स्थानदर्शक यंत्र उपग्रहाच्या साहाय्याने वाहन कोठे आहे हे नियंत्रण कक्षाला कळविते. आपत्कालीन कळ दाबली असता तोच कक्ष सावध होतो, अशी कल्पना आहे. या नियमातून दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना सूट आहे. याखेरीज, कळ दाबली तरी तिच्या दुसऱ्या टोकाचा माणूस जागा असावा लागतो, ही अट कोणत्याही निविदेत किमतीसह नोंदविता येत नाही. कॅमेरा खरेदी करणे सोपे असते, त्याचे उद्घाटन करता येते, आणि रात्रपाळीच्या नियंत्रकाची रिक्त जागा भरण्याचे उद्घाटन होत नाही, या प्रशासकीय वस्तुस्थितीचा सुरक्षिततेच्या धोरणावर जेवढा प्रभाव पडला आहे तेवढा कोणत्याही समितीच्या अहवालाचा पडलेला दिसत नाही.

येथे मूळ प्रतिपादन मांडावे लागते. सार्वजनिक वाहतुकीची चर्चा जवळजवळ नेहमी गाडीच्या आत पाहते, परंतु गेल्या काही दशकांतील गाजलेली प्रकरणे तपासली असता धोका बहुधा प्रवासाच्या सांध्यांवर आढळतो. घर ते थांबा, थांब्यावरची प्रतीक्षा, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाणे आणि शेवटच्या थांब्यापासून घर हे ते सांधे होत. दिल्लीच्या घटनेतील दोघांना मुनिरका येथे पुढच्या प्रवासासाठी रिक्षा मिळाली नाही आणि म्हणून ते त्या खासगी बसमध्ये चढले. गुन्हा बसमध्ये घडला, पण त्याची वाट थांब्यावर रिकाम्या गेलेल्या वेळातून निघाली होती. जानेवारी २०१४ मध्ये मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर पहाटे उतरलेल्या एका तरुण अभियंता स्त्रीचा खून झाला, आणि कोणा अनोळखी माणसाने तिला थोड्या पैशांत अंधेरीला पोहोचविण्याची तयारी दाखविली होती, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. त्या प्रकरणातील आरोपीला फाशीची शिक्षा झाली, ती उच्च न्यायालयात कायम झाली, आणि २८ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे स्वारगेटच्या घटनेच्या चारच आठवडे आधी, पुरावा अपुरा असल्याने सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. अनेक वर्षे समाज असे समजत होता की या प्रकरणाचा निकाल लागला आहे. आरोपीची अटक हेच चर्चेचे उत्तर मानले तर अशा वेळी हातात काहीच उरत नाही. पहाटे पाच वाजता टर्मिनसवर उतरलेल्या प्रवाशाने उपनगरात कसे जावे, हा प्रश्न मात्र जसाच्या तसा उरतो.

नाशिक जिल्ह्याच्या सीमेवर घडलेले एक प्रकरण या प्रतिपादनाला पुरवणी जोडते आणि काहीसा छेदही देते. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये इगतपुरी येथे चढलेल्या टोळीने घाट उतरत असताना प्रवाशांना लुटले आणि एका तरुणीवर सामूहिक बलात्कार केला; कसारा येथे प्रवाशांनीच दोघांना पकडून दिले. येथे गुन्हा धावत्या गाडीत घडला हे खरे, परंतु दोन स्थानकांमधला घाट हाही एक सांधाच आहे, कारण तेथे गाडी थांबत नाही, बाहेरून मदत पोहोचत नाही आणि जिल्ह्याची हद्द बदलते. रेल्वेत दोन यंत्रणा काम करतात. गुन्ह्याचा तपास करणारे लोहमार्ग पोलीस राज्य शासनाचे असतात, तर रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे असते आणि २००३ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याच्याकडे मालमत्तेबरोबरच प्रवाशांच्या संरक्षणाचेही काम आले. गुन्हा कोणाच्या हद्दीत घडला या वादात पीडितेची पायपीट होऊ नये यासाठी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदविण्याची सोय आहे, म्हणजे कोणत्याही ठाण्याने फिर्याद नोंदवून घेऊन नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. ही सोय गुन्हा घडून गेल्यानंतरची आहे. त्याआधी घाटातल्या डब्याची जबाबदारी नेमकी कोणाची, याचे उत्तर दोन गणवेशांमध्ये विभागलेले आहे.

माणसांची उपस्थिती हीच सर्वांत मोठी सुरक्षा, असा एक विचार नगररचनाशास्त्रात जेन जेकब्स या अमेरिकी लेखिकेने १९६१ मध्ये मांडला: दुकानदार, रहिवासी आणि येणारेजाणारे यांची नजर रस्त्यावर असेल तर पोलीस नसतानाही रस्ता सुरक्षित राहतो. चहाची टपरी, वर्तमानपत्राचा स्टॉल आणि फुलवाली असलेले एसटी स्थानक आणि यांतले काहीच नसलेले, चकचकीत पण ओसाड स्थानक यांची तुलना केली असता हा विचार पटतो. तथापि २००२ मध्ये मुंबईच्या उपनगरी गाडीत, डब्यात अन्य प्रवासी उपस्थित असताना, एका मतिमंद मुलीवर बलात्कार झाला होता आणि कोणी मध्ये पडले नाही. तेव्हा नजर असणे पुरेसे नसते. पाहणाऱ्याला पुढे काय करायचे हे माहीत असावे लागते आणि केल्यावर आपल्या मागे कोणी उभे राहील हा भरवसाही असावा लागतो. असा भरवसा गणवेशातला, ओळखपत्र असलेला आणि प्रवाशाशी बोलण्याची सवय असलेला कर्मचारी देऊ शकतो. एसटीचा वाहक ही भूमिका पिढ्यान्‌पिढ्या पार पाडत आला आहे, आणि गाडीत बसल्यावर ग्रामीण स्त्रीला जे निर्धास्त वाटते त्यात या वाहकाचा वाटा मोठा आहे. गाडीत चढेपर्यंत मात्र तिचे असे कोणी नसते. स्वारगेटची फिर्यादी महिला घटनेनंतर दुसऱ्या गाडीत बसून निघाली होती आणि वाटेत आपल्या परिचिताशी बोलल्यावर परत फिरून पोलिसांकडे गेली, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. इतक्या गजबजलेल्या स्थानकात ज्याच्याकडे प्रथम जावे असा माणूस तिला दिसला नसावा, हा निष्कर्ष काढल्यावाचून राहवत नाही.

सुरक्षिततेच्या नावाखाली स्त्रियांच्या वावरावर येणारी बंधने हा या चर्चेचा सर्वांत महाग पडणारा परिणाम आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या मुंबईविषयीच्या पुस्तकात असे दाखविले की सार्वजनिक जागेत स्त्रीला सतत काहीतरी कामासाठी आल्याचे सिद्ध करावे लागते, आणि संरक्षणाची भाषा शेवटी तिला घरी बसविण्याकडे झुकते. ग्रामीण भागात याचे रूप अधिक कठोर असते. मार्च २०२३ पासून एसटीच्या भाड्यात महिलांना ५० टक्के सवलत मिळू लागली आणि स्त्रियांचा प्रवास वाढला. शाळकरी मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या धावतात. आणि या सगळ्यातून एका पिढीच्या मुली तालुक्याच्या गावापर्यंत शिकायला पोहोचल्या. पुण्यातील बातमी सुरगाण्याच्या पाड्यावर पोहोचते तेव्हा ती स्वारगेटच्या आगारव्यवस्थापकाचे काही बिघडवीत नाही, ती अकरावीला वणीला किंवा नाशिकला जाऊ पाहणाऱ्या मुलीचा पास बंद करते. गुन्ह्याची ही दुसरी झळ कोणत्याही आरोपपत्रात येत नाही.

वणीच्या संदर्भात एक गोष्ट आवर्जून नोंदविण्यासारखी आहे. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात सप्तशृंगगडावर खासगी वाहनांना बंदी घालून नांदुरीहून एसटीच्या गाड्या सोडल्या जातात. त्या काळात तात्पुरते स्थानक उभे राहते, मोठे दिवे लागतात, ध्वनिक्षेपकावरून अखंड सूचना दिल्या जातात, जागोजागी नियंत्रक आणि पोलीस असतात, आणि खानदेशातून पायी आलेल्या बायाबापड्या मध्यरात्रीही निर्धास्तपणे गाडीच्या रांगेत उभ्या राहतात. प्रवासाचे सांधे कसे राखावेत हे महामंडळाला आणि पोलिसांना ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय यामुळे उरत नाही. ते ज्ञान वर्षातून दोनदा याच डोंगराच्या पायथ्याशी वापरले जाते. यात्रा संपली की दिवे आणि भोंगे उतरतात, आणि शेवटची गाडी चुकलेला प्रवासी काळीपिवळीच्या भरवशावर उरतो. यात्रेइतका बंदोबस्त रोज शक्य नाही हे उघड आहे, पण पहिल्या गाडीच्या अर्धा तास आधीपासून शेवटची गाडी सुटेपर्यंत एक दिवा, एक ध्वनिक्षेपक आणि एक जबाबदार माणूस हे प्रमाण कोणत्याही स्थानकाला परवडायला हवे. गाड्यांची संख्या हाही सुरक्षेचाच भाग समजला पाहिजे, कारण दोन फेऱ्यांमधले अंतर अर्ध्या तासावरून दोन तासांवर गेले की थांब्यावर एकटे उभे राहण्याचा काळ चौपट होतो. रद्द झालेली सायंकाळची फेरी हिशेबात बचत म्हणून दिसते. लेखापरीक्षणाच्या तक्त्यात ती धोका म्हणून दिसायला हवी.

परदेशांतील अनुभवांतून कॅनडातील टोरांटो शहराचा विचार येथे उपयोगी पडतो. तेथील परिवहन संस्थेने भुयारी रेल्वेच्या फलाटांवर ‘नियोजित प्रतीक्षास्थळे’ आखली. ही जागा अधिक उजेडाची, कॅमेऱ्याच्या टप्प्यातली, कर्मचाऱ्याशी थेट बोलण्याची सोय असलेली असते आणि गाडीचा रक्षक ज्या डब्यात असे तो डबा तिच्यासमोर येऊन थांबत असे. १९९१ मध्ये त्याच संस्थेने रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळात एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीला दोन थांब्यांच्या मध्ये, घराच्या अधिक जवळ, उतरता येईल अशी मुभा दिली. या योजनांना फारसा खर्च आला नाही, कारण त्यांत नवे यंत्र अगदी थोडे आणि नेहमीच्या कामाची नवी आखणी अधिक होती.

यांतील दुसरी योजना महाराष्ट्राला अपरिचित वाटू नये. साध्या गाडीला हात दाखवून कोठेही चढण्याची मुभा ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ या नावाने एसटीने फार पूर्वीच दिलेली आहे. मात्र तिचा हेतू उत्पन्न वाढविण्याचा होता, त्यामुळे चढणाऱ्याचा विचार झाला आणि उतरणाऱ्याचा राहिला. रात्रीच्या मुक्कामी गाडीने, म्हणजे गावात वस्तीला थांबून पहाटे परत निघणाऱ्या गाडीने, येणारी विद्यार्थिनी किंवा रुग्णालयातील पाळी संपवून येणारी परिचारिका फाट्यावर न उतरता आपल्या वस्तीच्या तोंडाशी उतरू शकली, तर फाटा ते वस्ती हा काळोखातला सांधा तिच्या प्रवासातून वजा होतो. अनेक चालक-वाहक ओळखीच्या प्रवाशांसाठी हे आजही आपणहून करतात. ओळख नसलेल्या प्रवासी स्त्रीलाही ते हक्काने मागता यावे, यासाठी आगाराच्या सूचनाफलकावर लागणारे एक पानी परिपत्रक पुरेसे आहे.